कोणता मुलूख बरा?

कोणता मुलूख राहावयास बरा, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तराला फारसा वेळ लागत नाही. कोकणातला माणूस कोकणाचे नाव घेतो, वऱ्हाडातला वऱ्हाडाचे. आणि पुण्याच्या माणसाला तर असा प्रश्न पडावाच का, हेच मुळी कळत नाही. प्रत्येकाच्या उत्तरामागे त्याचे बालपण उभे असते. ज्या विहिरीचे पाणी माणूस प्रथम प्यायला त्या विहिरीइतके गोड पाणी त्याला पुढे कोठेच मिळत नाही. ही प्रेमाची साक्ष आहे आणि प्रेम म्हणून ती आदरणीयही आहे. परंतु तुलनेच्या कामी तिचा उपयोग नाही.

दुसरा साक्षीदार म्हणजे प्रवासी. तो निःपक्षपाती असतो खरा, पण तो महिना निवडून जातो. कोकणात जाईल तर आंब्याच्या दिवसांत किंवा गणपतीला. महाबळेश्वरी जाईल तर पावसाने पाठ फिरवल्यावर. विदर्भाची गोष्ट तर मोठी मौजेची आहे. १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचे एक तरी अधिवेशन दरवर्षी नागपुरास भरावे असे ठरले आणि हे अधिवेशन परंपरेने हिवाळ्यात भरत आले. त्या दिवसांत नागपूरची हवा प्रसन्न असते, बाजार संत्र्यांनी भरलेला असतो आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात फिरताना हा मुलूख सोडून जाऊ नये असेच कोणालाही वाटावे. राज्याची धुरा वाहणारी मंडळी विदर्भ वर्षानुवर्षे पाहत आली ती अशी, त्याच्या सर्वांत सुखाच्या महिन्यात.

या दोघांपेक्षा अधिक भरवशाचे असे तीन साक्षीदार आहेत. पहिला, मुलगी द्यावयास निघालेला बाप. तो गावाची शोभा पाहत नाही. विहिरीला पाणी कुठवर पुरते, पाणवठा घरापासून किती लांब आहे आणि आडल्यानडल्याला वैद्य कोठे भेटतो, एवढे तो विचारतो. दुसरा, बदलीचा हुकूम हाती पडलेला नोकर. त्याची बायको शाळेची चौकशी करते, आई दवाखान्याची, आणि तो स्वतः तेथून पुन्हा बदली केव्हा होते याची. तिसरा साक्षीदार म्हणजे मेंढरे घेऊन मुलूख तुडवणारा धनगर. त्याच्याकडे पुढे वळावयाचे आहे. या तिघांच्या चौकशीत एक गोष्ट समान आहे. मुलखाचा सर्वांत चांगला महिना कोणता हे त्यांना ठाऊक करून घ्यावयाचे नसते. सर्वांत वाईट महिना कोणता आणि त्या महिन्यात तेथे कसे निभते, हे त्यांना हवे असते. मुलखाची खरी परीक्षा तीच.

ती परीक्षा प्रथम कोकणाला लावून पाहावी. किनाऱ्यावर वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. समुद्राच्या सान्निध्याने थंडी आणि ऊन या दोहोंची धार बोथट होते. दारात माड, पोफळी, फणस; ताटात तांदूळ आणि मासळी; घर स्वतःच्या आवारात, शेजाऱ्याच्या भांडणापासून हाकेच्या अंतरावर. एवढ्यावर निकाल द्यावयाचा तर वाद येथेच संपेल. पण हाच मुलूख वैशाखात पाहावा. ज्या वाडीवर आषाढात आभाळ फाटले होते, त्याच वाडीतल्या बाया वैशाखात डोक्यावर हंडे घेऊन घाटी उतरत असतात. जांभा दगड पाणी झिरपू देतो, धरून ठेवीत नाही. आणि सह्याद्रीच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंतचे अंतर इतके थोडे व उतार इतका तीव्र की पावसाचे पाणी थांबावयासच तयार नसते. आषाढाची तऱ्हा निराळी. वहाळ फुगला म्हणजे पलीकडची शाळा, बाजार आणि डॉक्टर ही तिन्ही एकदमच दूर जातात. भिंतींना ओल येते, पुस्तकांना बुरशी धरते. भाताची खाचरे अरुंद, वरकस जमीन निकस आणि वाटण्या होता होता प्रत्येकाच्या वाट्याला आलेला तुकडा कुटुंबाला वर्षभर पोसण्यास अपुरा. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कोकणचा तरुण मुंबईस गेला, गिरणीत लागला आणि गावचे घर टपालाने येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालले. १९८२ साली गिरण्यांचा संप झाला तेव्हा संकट परळ-लालबागच्या चाळींत ओढवले, पण चुली थंडावल्या त्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांतही.

आता या जमाखर्चातील प्रत्येक रक्कम कोणाच्या नावे पडावी हे पाहिले पाहिजे. जांभा दगड आणि डोंगराचा उतार ही निसर्गाची देणी, त्यांना इलाज थोडा. ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले आणि पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. नव्या रोपाला फळ धरावयास पाच-सात वर्षे लागतात. तोवर बागाईतदाराने काय खावे, याचे उत्तर समुद्र देत नाही. परंतु या देशातील पहिली आगगाडी १८५३ साली मुंबईहून ठाण्यास धावली आणि कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ रोजी. मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरवणाऱ्या मुलखाला गाडी मिळावयास जवळजवळ दीडशे वर्षे लागली, हा काही जांभ्या दगडाचा दोष नव्हे. कोयनेचे पाणी वीज निर्माण करून सह्याद्रीच्या पश्चिमेस उतरते आणि वाशिष्ठीतून समुद्रास मिळते. त्याच जिल्ह्यातील वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हेही निसर्गाच्या नावे टाकता येत नाही.

घाट चढून वर आले की दुसरे जग लागते. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटरवर दहिवडीस तो पाचशेच्या आसपास येतो. दोन्ही ठिकाणे एकाच सातारा जिल्ह्यातली. सह्याद्री ढगांना अडवून त्यांची झोळी रिकामी करून घेतो आणि पलीकडच्या माणदेशाला त्यांची नुसती सावली मिळते. तरीही हा मुलूख दरिद्री म्हणून मोडीत काढण्याजोगा नाही. हवा कोरडी आणि निरोगी, ज्वारी-बाजरीचे धान्य पेवात टिकते, खिल्लार बैल याच मातीत पोसतो, आणि डाळिंबासारखे फळ कोरड्या हवेतच खुलते. माणूस काटक, मिताहारी आणि हिशेबी होतो. थेंबाची किंमत त्याला निराळी शिकवावी लागत नाही.

याच भागातला धनगर हा आपला तिसरा साक्षीदार. पाऊस सरला, दिवाळीचा सुमार आला की मेंढरांचे कळप, घोड्यावर लादलेला संसार आणि कुत्री घेऊन धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणात जातात. भाताची कापणी झालेल्या खाचरांत मेंढरे रात्री बसवावयाची; त्यांच्या लेंडीमुताचे खत शेताला मिळते आणि मोबदल्यात धनगराला भात मिळते. पाऊस तोंडावर आला की वाडे पुन्हा वर चढतात. कारण कोकणच्या ओलीत मेंढरू तगत नाही. कोकण बरे की देश बरा, असा वाद धनगर घालीत नाही. कोणत्या महिन्यात कोणता बरा एवढेच तो जाणतो. दोन मुलखांतील उणिवा त्याने एकमेकींशी जुळवल्या आणि त्यांतून आपली भाकरी काढली. विद्वानांच्या तुलनेपेक्षा ही तुलना अधिक शहाणपणाची आहे. मात्र तिची किंमतही त्यालाच मोजावी लागते. त्याच्या मुलांना वर्षभर एक शाळा मिळत नाही आणि कोणत्याच गावच्या कागदात त्याचे नाव नीट बसत नाही.

ज्यांना मेंढरे नव्हती त्यांनी दुसरा मार्ग धरला. खानापूर, आटपाडी या तालुक्यांतील माणसे सोनेचांदी गाळण्याची कला घेऊन बाहेर पडली आणि आज हिंदुस्थानातील लहानमोठ्या अनेक शहरांच्या सराफकट्ट्यांत मराठी गलाईवाल्यांची भट्टी पेटलेली आढळते. तमिळनाडूत, केरळात, बंगालमध्ये, पंजाबात ही घरे स्थिरावली. सणाला, जत्रेला ती गावी येतात, घर बांधतात, देवळाला देणगी देतात आणि परत जातात. दुष्काळाने त्यांना व्यापारी केले असे कौतुकाने म्हटले जाते. म्हणणे खोटे नाही. पण जो गेला आणि यशस्वी झाला त्याचीच कथा सांगितली जाते. मागे राहिलेल्यांनी १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली. त्या खडीतूनच पुढे एक मोलाची गोष्ट निघाली. मागेल त्याला काम देण्याचे बंधन राज्याने स्वतःवर घालून घेतले. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत झाला आणि २००५ साली साऱ्या देशासाठी तशा स्वरूपाचा कायदा झाला. पुढे टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी या कोरड्या तालुक्यांकडे वर चढवले. पाऊस वाढला नाही, सह्याद्री बाजूला सरला नाही. तरी मुलूख बदलू लागला. निसर्गाच्या नावे लिहिलेल्या रकमेतील बराच भाग माणसाच्या खात्यावरचा होता, हे त्यावरून सिद्ध झाले.

सांगली जिल्ह्यात तर हे दोन्ही अंक एकाच रंगभूमीवर दिसतात. जत आणि आटपाडीचा कठीण महिना वैशाख. खुद्द सांगली शहराचा कठीण महिना श्रावण. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी कृष्णेचे पाणी शहराच्या पेठांत शिरले. नदीकाठची सुपीक मळी, ऊस, हळदीची पेठ हे ज्या नदीचे देणे, तीच नदी वसुलीलाही येते. परंतु पूररेषेच्या आत घरे कोणी बांधली, हा प्रश्न नदीला विचारण्यात अर्थ नाही.

मराठवाड्यात गुणाचा दोष कसा होतो ते दिसते. काळी कसदार जमीन, गोदावरीचे खोरे आणि संतांची परंपरा लाभलेला हा मुलूख. लातूरकडची जुनी घरे दगडमातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीच्या जड धाब्याची. बाहेर ऊन रणरणत असता आत गारवा असे. त्या हवेला यापेक्षा सोयीचे घर नव्हते. खडकाळ पठार म्हणून भूकंपाची धास्तीही कोणी बाळगली नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्री, किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली आणि ज्या भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या उन्हापासून राखले होते त्यांच्याच खाली हजारो माणसे गाडली गेली. हा आघात निसर्गाचा; त्याबद्दल कोणास दोष द्यावा असे नाही. मात्र २०१६ साली लातूर शहरासाठी मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, तेव्हा लोकांनी ओढवलेल्या अवर्षणाबरोबरच त्याच खोऱ्यात उभ्या असलेल्या उसाकडेही बोट दाखवले. पाऊस किती पडावा हे माणसाच्या हाती नाही. पडलेल्या पाण्यावर काय पेरावे हे आहे.

आता विदर्भ. येथील कठीण काळाला लोकांनी नावच देऊन ठेवले आहे : नवतपा. मे महिन्याच्या अखेरचे ते नऊ दिवस. चंद्रपूर-नागपूरकडे पारा पंचेचाळिसाच्या वर चढतो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि घराघरांत कूलरच्या वाळ्याचा वास दरवळतो. हे ऊन सोसण्याची रीत लोकांनी बसवली आहे. कामे पहाटे उरकावी, डोक्याला दुपट्टा बांधावा, खिशात कांदा ठेवावा आणि आलेल्या पाहुण्यास प्रथम पाणी व मग बाकीचे विचारावे. पूर्वेकडे भंडारा-गोंदियात पाऊस उत्तम आणि तो अडवून ठेवणारे शेकडो मालगुजारी तलाव पूर्वजांनी, विशेषतः कोहळी समाजाच्या कसबी माणसांनी, बांधून ठेवलेले. पश्चिमेकडे वऱ्हाडाची काळी माती. यवतमाळला पाऊस पडतो तो आटपाडीच्या जवळजवळ दुप्पट. निसर्गाच्या तराजूने मोजले तर वऱ्हाडचे पारडे माणदेशाच्या कितीतरी खाली बसावे. तथापि कर्जापायी शेतकऱ्याने जीव दिल्याच्या बातम्या गेली अनेक वर्षे येतात त्या याच सुपीक मातीतून. कपाशी बहुतेक सर्व पावसाच्या भरवशावर, पाणी शेतापर्यंत पोहोचलेले नाही आणि पिकाचा भाव ठरतो तो दूरच्या बाजारात. अमेरिकेतील यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आणले, आणि युद्ध संपताच ते उतरले. तेव्हापासून हा शेतकरी परक्या घड्याळावर वेळ पाहत आला आहे.

ही तफावत केवळ भावनेचा विषय राहू नये म्हणून एक प्रयत्न झाला. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली दिलेल्या अहवालात सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य अशा बाबींत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे हे मोजले आणि त्या उणिवेला 'अनुशेष' हा शब्द रूढ झाला. समितीच्या पद्धतीवर पुष्कळ वाद झाले, आणि अनुशेष केवळ विदर्भ-मराठवाड्यातच नव्हे तर उर्वरित महाराष्ट्रातही निघाला. त्या शब्दाचे महत्त्व असे की त्याने मुलखाचा स्वभाव आणि मुलखाची उपेक्षा या दोन गोष्टी निराळ्या केल्या. ऊन हा स्वभाव; कालव्याचे अर्धवट काम हा अनुशेष. पावसाळी वहाळ हा स्वभाव. त्यावर साकव नसणे हा अनुशेष.

या भेदाचे सर्वांत बोलके उदाहरण गडचिरोलीचे आहे. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा अरण्यमय जिल्हा नोकरवर्गात फार दिवस शिक्षेचे ठिकाण म्हणून ओळखला गेला. बदली झाली की रजेचे अर्ज आणि ओळखीपाळखी सुरू. ज्याला निवड करता येते तो येत नाही. डॉक्टर येत नाही म्हणून दवाखाना ओस, शिक्षक टिकत नाही म्हणून शाळा ओस. आणि दवाखाना व शाळा ओस म्हणून पुढचा माणूस येत नाही. मुलखांचे गुणदोष तोलणारा माणूस स्वतःस तटस्थ समजतो, परंतु तो निघून गेला की त्याच्या वजनाइतके पारडे आणखी हलके होते. तेथील तान्ही मुले दगावतात ती जंगलामुळे, दारिद्र्यामुळे, तो मुलूखच तसा आहे म्हणून, असे मानले जात असे. अभय व राणी बंग या डॉक्टर दांपत्याने १९८६ पासून तेथे राहून काम आरंभिले. त्यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकाची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९९ साली हे निष्कर्ष जगापुढे आले आणि पुढे ही पद्धत आशा कार्यकर्तींच्या द्वारे देशभर स्वीकारली गेली. जंगल तेच होते, पाऊस तोच होता, घरेही तीच होती. म्हणजे जी गोष्ट मुलखाच्या कपाळावर लिहिलेली समजली जात होती ती वस्तुतः कोणी न केलेल्या कामाची नोंद होती.

येथे एक आक्षेप संभवतो. सारेच दोष माणसाचे ठरवले तर मग मुंबईच सर्वांत बरी म्हणावी लागेल. कारण माणसाने जे काही करावयाचे ते तेथे करून ठेवले आहे. मुंबईत नळ आहे, दिवा आहे, इस्पितळ आहे आणि मुख्य म्हणजे हाताला काम आहे. पण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि बुजवलेल्या नाल्यांनी व आवळलेल्या मिठी नदीने या शहरालाही तिचा कठीण दिवस दाखवला. शिवाय तेथील माणसे हवापाणी तोलून गेलेली नाहीत. ती आली ती गावी काही नव्हते म्हणून. ज्याला निवड करावयाची मुभाच नव्हती त्याच्या येण्याला मुंबईच्या गुणांचे प्रशस्तिपत्र समजणे हे चूक आहे.

तेव्हा प्रश्न पुन्हा नीट मांडला पाहिजे. घरोघरी मातीच्या चुली, तसे प्रत्येक मुलखाला त्याचे ऊन, त्याचा पूर, त्याची तहान. निसर्गाने दिलेल्या अडचणींशी लोकांनी केव्हाच तडजोड केली आहे. इरले, धाब्याचे घर, मालगुजारी तलाव, धनगराची वाट ही सारी त्या तडजोडीची रूपे. त्या अडचणींमुळे फारसे कोणी घर सोडीत नाही. माणसे घर सोडतात ती बहुधा दुसऱ्या प्रकारच्या अडचणींमुळे. न आलेला रस्ता, बंद दवाखाना, रोज एका शिक्षकाची वाट पाहणारी शाळा. आणि जाताना ती सांगतात मात्र, की मुलूखच वाईट.

मुलूख निवडण्याचा अधिकार तसा थोड्यांनाच असतो. सासरी निघालेली मुलगी तो निवडत नाही. त्या मुलखात जन्मलेले मूल तर नाहीच नाही. ज्यांच्या हाती कागद आणि लेखणी आहे, त्यांनी एखाद्या तालुक्यास मागासलेला असा शेरा मारण्यापूर्वी तेथे त्याच्या कठीण महिन्यात चार दिवस काढावेत : कोकणात आषाढात आणि पुन्हा वैशाखात, जतला चैत्र सरता सरता, गडचिरोलीस पूर आला असता, यवतमाळला पेरणी उलटल्यावर. विधिमंडळाचे एखादे अधिवेशन नागपुरास नवतपात भरले तरी हरकत नाही. चर्चा थोडी आटोपशीर होईल. त्या चार दिवसांत निसर्गाचे किती आणि आपले किती, हा हिशेब आपोआप मांडला जातो. आपल्या बाजूची रक्कम फेडल्यावर कोणता मुलूख बरा हे ठरवावयास पुष्कळ वेळ आहे. आणि तोवर बहुतेकांना आपलाच बरा वाटू लागलेला असेल.